उशाशी गाणं लावण्याआधी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आईंचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात आहे, डॉक्टरांनी काही आठवडे सांगितलेत आणि तुम्ही त्यांना घरी आणलंय. दिवसातले अठरा-वीस तास त्या झोपेत असतात. जन्मभर गाण्यांवर जीव टाकलेली बाई, म्हणून खोलीत सतत गाणी चालू ठेवावीत असं तुम्हाला वाटतं. तुमचे दादा म्हणतात, पडू दे तिला शांत. आईंना ऐकू तरी येतंय का, लावायचं तर काय आणि किती वेळ, स्वतःला गाता येत नसेल तर काय करायचं, आणि अगदी शेवटी, त्या घटकेला, कोणतं गाणं असावं, हे तुमचे प्रश्न.

मी २१ वर्षं पॅलिएटिव्ह केअरमध्ये संगीतोपचाराचं काम करते. बऱ्या न होणाऱ्या माणसांच्या उशाशी बसून गाते, गुणगुणते, आणि खूपदा नुसतीच बसते. उत्तर लांबणार आहे, कारण घाईत दिलेल्या उत्तरांनी झालेला त्रास मी पाहिलाय.

आधी दादांबद्दल. ते अर्धे बरोबर आहेत. नकोसं गाणं लागलं की तुम्ही-आम्ही उठून बंद करतो, दुसऱ्या खोलीत जातो, काहीच नाही तर कूस बदलून कान उशीत खुपसतो. तुमच्या आईंना यातलं काहीही जमणार नाही. त्या खोलीत जे वाजेल ते त्यांना ऐकावंच लागेल. म्हणून सकाळी सुरू केलेली गाणी रात्रीपर्यंत चालू ठेवणं मला मुळीच मान्य नाही, मग ती त्यांची कितीही आवडती असोत. दिवसातून दोन-तीन वेळा, वीस-पंचवीस मिनिटं, आणि त्या वेळेत कुणीतरी त्यांच्याकडे बघत बसलेलं असावं. मोबाइलकडे नाही, त्यांच्याकडे. बघायला कुणी नसेल, तर गाणंही नको. दादांचा अर्धा भाग इथे संपतो. उरलेला अर्धा तुमचा.

ऐकू येतं का? २०२० साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी याबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्हँकुव्हरच्या एका हॉस्पिसमधल्या, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या केंद्रातल्या, रुग्णांच्या डोक्याला ईईजीचे (मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणाऱ्या तपासणीचे) इलेक्ट्रोड लावून त्यांनी सुरांच्या छोट्या मालिका ऐकवल्या. मालिका एकसारख्या चाललेल्या असताना मधेच एखादा सूर वेगळा यायचा. रुग्ण शुद्धीवर असताना हे केलं आणि पुढे त्यांनी प्रतिसाद देणं थांबवल्यावर पुन्हा केलं. त्यातल्या काहींच्या मेंदूनं, मृत्यू अगदी जवळ आलेला असतानाही, तो बदल टिपला, आणि तो निरोगी तरुणांचा मेंदू टिपतो तसाच. रुग्ण मोजके होते. सूर बदलल्याचं मेंदूला कळणं म्हणजे ‘हे माझ्या लेकीचं गाणं’ असं ओळखणं नव्हे, हेही खरं. पण कानाचं दार बंद झालंय असं धरून चालायला आता कुणाला आधार उरलेला नाही. म्हणून त्या खोलीत नातेवाईकांच्या याद्या, बिलं, ‘किती दिवस चालायचं हे’ असलं काही बोलू नका. माझ्या मते गाणं लावण्याच्या आधीची पायरी हीच.

दुसरी पायरी श्रवणयंत्राची. आई ते वापरत असतील, तर आजारपणात ते डबीत जाऊन पडलेलं असण्याचीच शक्यता जास्त. बाहेर काढा, बॅटरी बघा, घाला. फक्त ज्या कानात यंत्र आहे त्या कुशीवर त्यांना झोपवू नका. उशीला टेकलं की ते बारीक शिट्टी मारायला लागतं, ती शिट्टी थेट कानात घुमते आणि बिचाऱ्या आजारी माणसाला ‘हे काढा’ म्हणता येत नाही. एका आजोबांच्या कपाळावरच्या आठीचं कारण शोधण्यात आमचे दोन दिवस गेले होते. वेदनेचं औषध वाढवून झालं, अंथरूण बदलून झालं. शेवटी सफाई करणाऱ्या मावशींनी सांगितलं, “ताई, ते कानातलं ओरडतंय.”

आता काय लावायचं. माणसाच्या आठवणीत सगळ्यात खोल रुजलेली गाणी साधारण दहा ते तीस या वयातली असतात, त्यातही सोळा ते पंचवीसची जास्त. आई आता सत्तरीच्या असतील, तर तुम्ही लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकलेली गाणी ही त्यांच्या तारुण्यातलीच असतील असं नाही. ती बरीचशी तुमच्या बालपणाची असतात. त्यांची बहीण, शाळेतली मैत्रीण, कुणी असेल तर फोन करून विचारा की लग्नाआधी ही काय गुणगुणायची. २००९ मध्ये अमेरिकेत पीटर जनाटा या संशोधकानं दाखवलं, की एखाद्या गाण्याला स्वतःची आठवण चिकटलेली असेल, तर ते ऐकताना कपाळामागच्या मेंदूचा मधला भाग जागा होतो. स्मृतिभ्रंशात मेंदूचे इतर भाग झिजतात तेव्हा हा भाग बऱ्यापैकी टिकून राहतो. स्वतःच्या मुलाचं नाव न आठवणारी बाई गाण्याचा अंतरा बिनचूक पुरा करते, त्याचं एक कारण यात असावं.

पण आवडतं गाणं म्हणजे त्या वेळेला योग्य गाणं, असं गणित मांडू नका. मी ते मांडलं होतं. कामाला लागून तीनच वर्षं झाली होती. एका गृहस्थांच्या पत्नीनं मला त्यांचं सगळ्यात आवडतं गाणं सांगितलं आणि मी हौसेनं अख्खं गाणं गायले, दोन्ही अंतऱ्यांसह. पहिल्या अंतऱ्यातच त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, भरून आलं असेल. मी आणखी जीव ओतून गायले. नंतर त्या बाई दाराबाहेर हलक्या आवाजात म्हणाल्या, की पहिलं मूल होतं तेव्हा ते हे गाणं म्हणायचे. ते मूल दोन वर्षांचं होऊन गेलं. नवऱ्यानं ते गाणं चाळीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं, आणि ‘आवडतं’ हा शब्द बाईंनी तरीही मनापासूनच वापरला होता. चूक त्यांची नव्हती. भिंतीकडे वळलेली पाठ दिसत असताना थांबले नाही, ही चूक माझी.

तेव्हापासून मी कुठलंही गाणं आधी नुसतं गुणगुणते, शब्दांशिवाय, मुखडाच फक्त, आणि थांबते. चेहरा बघते. डोळ्यांत पाणी येणं वाईट नाही. रडू येऊन माणूस मोकळं होतं. मी बघते ते वेगळंच: दोन भुवयांमधली घडी घट्ट झाली का, जबडा आवळला का, बोटं चादरीचा काठ गोळा करायला लागली का, श्वास उथळ झाला का. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर गाणं तिथेच सोडायचं. हळूहळू आवाज कमी करत सोडायचं, एकदम तोडायचं नाही. डोळ्यांतून पाणी वाहतंय पण कपाळ सैल आहे आणि श्वास खोल आहे, तर राहू द्या. हात हातात घ्या.

शिवाय ओळखीचंच संगीत हवं, हाही नियम नाही. संगीतोपचाराची आमची शाखा ओळखीच्या गाण्यांवर उभी राहिली. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली सॉन्डर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं आणि वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, नात्यांची, श्रद्धेचीही असते हा विचार रुजवला. कॅनडात मॉन्ट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये सुझन मन्रो आणि डॉ. बाल्फर माउंट यांनी तिथल्या पॅलिएटिव्ह विभागात संगीताचा वापर करून १९७८ साली त्याबद्दल वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. त्यात रुग्णाच्या आवडीनिवडीला, त्याच्या आयुष्यातल्या गाण्यांना महत्त्व होतं. दुसरी वाट तेरेझ श्रोडर-शीकर यांची. तरुणपणी त्या वृद्धांच्या निवासात सेविका होत्या आणि फुफ्फुसाच्या आजारानं तडफडणाऱ्या एका म्हाताऱ्याला मागून धरून, त्याच्या कानाशी गात त्यांनी त्याला शेवटपर्यंत सोबत केली. पुढे १९९२ पासून अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या मिझूला इथे त्यांनी हार्प आणि आवाज यांतून मरणाऱ्या माणसाला सोबत करण्याचं रीतसर शिक्षण सुरू केलं. फ्रान्समधल्या क्लूनीच्या ख्रिस्ती मठात मध्ययुगीन साधू मरणाऱ्या सोबत्याभोवती गात, त्या परंपरेतून त्यांनी प्रेरणा घेतली. त्यांच्या पद्धतीत गाणी मुद्दाम अनोळखी असतात, बरीचशी ठेक्याशिवायची. कारण असं, की ओळखीचं गाणं माणसाला आयुष्याकडे परत ओढतं, लेकीकडे, घराकडे, राहून गेलेल्या गोष्टींकडे. जो निघालाय त्याला कशाला हाक मारायची?

सुरुवातीला मला हे अति वाटायचं. आता वाटत नाही. माझा अनुभव असा, की माणूस बोलतंय, डोळे उघडतंय, हसतंय तोवर ओळखीची गाणी सोन्यासारखी. शेवटच्या दोन-तीन दिवसांत, प्रतिसाद थांबल्यावर, मी शब्द सोडून देते. नुसते सूर, खर्जातले, सावकाश, ठेका नसलेले. शब्द आले की माणूस त्यांच्यामागे जातं, आणि त्या वेळी तेवढंही श्रमाचं होत असावं. हा माझा अंदाज आहे, आडाख्यासारखा, पण मी त्यावरच चालते.

आता ज्याला मी या कामाचा गाभा मानते त्याकडे येते: श्वास.

खुर्ची पलंगाजवळ ओढून बसा. गाणं सुरू करू नका. पांघरूण छातीवर वर-खाली होतं ते दोन मिनिटं बघा. मग घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजा. धडधाकट मोठं माणूस आरामात असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतं. तुमच्या आईंचे २६ भरले आणि हात अस्वस्थ असतील, तर त्या क्षणी अतिविलंबित, शांत-शांत संगीत लावणं म्हणजे धापा टाकणाऱ्याला ‘अहो, सावकाश’ म्हणण्यासारखं आहे. आधी त्यांच्या चालीनं चाला. आमच्याकडे हा मूलमंत्र १९४० च्या दशकात आयरा आल्टशूलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी मांडला: रुग्ण जिथे आहे तिथून संगीत सुरू करायचं, मग हळूहळू त्याला हवं तिथे न्यायचं.

एका बाईंचं सांगते. फुफ्फुसाचा जुना विकार, मिनिटाला ३२ श्वास, प्रत्येक श्वासाला खांदे कानापर्यंत येणारे. डोळे सताड उघडे, छताकडे. मी दोनच सुरांचा एक तुकडा घेतला, ‘हं-हं’ एवढाच, त्यांचा श्वास बाहेर पडायचा त्याच वेळी. आत घेताना मी गप्प. असा चार-पाच मिनिटं नुसता त्यांचा पाठलाग केला. त्यांची नजर छतावरून माझ्याकडे आली तेव्हा मी दुसरा सूर किंचित लांबवला. अगदी केसभर. त्या आल्या माझ्याबरोबर. मग आणखी थोडा. एकदा मी जास्त ताणलं तर त्यांचा श्वास सुटून पुन्हा धावायला लागला, तेव्हा मी मुकाट्यानं मागे गेले आणि त्यांची जुनी चाल धरली. वीस मिनिटांनी श्वास २४ वर होते आणि खांदे खाली. आता प्रामाणिकपणे सांगायचं, तर मी यायच्या आधी नर्सनं मॉर्फिनचा डोस दिलेला होता. त्यातलं औषधाचं श्रेय किती आणि ‘हं-हं’चं किती, हे मला सांगता यायचं नाही. कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यापासून जरा लांबच राहा.

दोन लयी एकमेकींना धरतात याचा दाखला म्हणून नेहमी ख्रिस्तियान हायगेन्सची गोष्ट सांगतात. १६६५ साली हा डच शास्त्रज्ञ आजारी होऊन अंथरुणाला खिळला होता. पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं, की एकाच आधाराला टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक आपोआप एका तालात येतात. मला या गोष्टीतला आजारी माणूस आवडतो: करण्यासारखं काही नसल्यावर त्याला काय दिसलं बघा. पण माणूस लंबक नाही. आणि शेवटच्या दिवसांत तर श्वास आपल्या हाती मुळीच राहत नाही. तो खोल-खोल होत जातो, मग उथळ होतो, मग थांबतो. दहा सेकंद, वीस, कधी अर्धं मिनिट किंवा त्याहून जास्त. मग पुन्हा सुरू. याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. पहिल्यांदा बघणाऱ्या घरच्यांचं काळीज प्रत्येक विरामाला तुटतं. या टप्प्यावर तुम्ही श्वासाला कुठेही नेऊ शकत नाही. नेऊही नका. आता फक्त मागे चालायचं. श्वास सुरू आहे तोवर गुणगुणा, तो थांबला की तुम्हीही थांबा, तो आला की पुन्हा सुरू करा. आपल्या भाषेत गाण्याची गती म्हणजे लय आणि विरून जाणं म्हणजेही लयच. हा शब्द मी लहानपणापासून वापरतेय, पण त्या विरामांमध्ये बसल्यावरच तो मला नीट ऐकू आला.

घशात घरघर लागली तर ती झाकण्यासाठी गाण्याचा आवाज वाढवू नका. बहुतेक वेळा ती रुग्णाला जाणवत नाही, ती ऐकवत नाही आपल्याला. नर्सला सांगा. कुशीवर वळवलं की बरेचदा कमी होते.

आता यंत्रांचं बघू, कारण घरात बिघडतं ते इथेच. इअरफोन नकोत. कानात काहीतरी घातलंय हे न कळणारा माणूस घाबरतो, आणि तुमचा आवाजही त्याला तुटतो. छोटा स्पीकर चालेल. तो उशीवर किंवा कानाशी नको, पायथ्याच्या बाजूला, आणि आवाज एवढाच, की त्यावरून तुम्ही कुजबुजलात तरी ऐकू यावं. गाणी आधीच उतरवून घ्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. मी एका खोलीत होते, घरचे सगळे पलंगाभोवती, सुंदर संथ सतार चाललेली. ती संपली आणि स्पीकरमधून एक खणखणीत बाई विचारती झाली, की तुमच्या कुटुंबाच्या भविष्याची तरतूद केली आहे का. विम्याची जाहिरात! थोरली सून आधी दचकली, मग तिला हसू फुटलं, मग सगळेच हसले, आणि मला वाटतं आजोबांनाही ते चाललं असतं. पण सगळ्या घरांत असं हसण्यावारी जात नाही.

वेदनेबद्दल तुम्ही थेट विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण यात घोळ होतो. संगीतानं वेदना कमी होते का? २०१३ साली अमेरिकेत २०० पॅलिएटिव्ह रुग्णांवर झालेल्या चाचणीत संगीतोपचाराच्या एकाच बैठकीनंतर वेदना कमी झाल्याचं दिसलं. २०१५ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या गटानं ८४ रुग्णांवर चाचणी घेतली. तिथे रुग्ण जास्त निवांत झाले, त्यांना बरं वाटलं, पण वेदनेच्या आकड्यात फरक पडला नाही. त्याआधी २००३ मध्ये रसेल हिलियर्ड यांनी ८० कर्करुग्ण पाहिले. ज्यांना संगीतोपचार मिळाला त्यांचं जगणं त्यांच्या स्वतःच्या मते सुसह्य झालं, आयुष्य मात्र लांबलं नाही. मला हे निकाल एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. दुखणं तेवढंच राहून त्याचं ओझं हलकं होऊ शकतं. मॉर्फिनच्या डोसाची वेळ झाली असेल तर आधी डोस, मग गाणं. ‘गाणं लावलंय, बघू या लागतंय का औषध’ असं म्हणणारी प्रेमळ माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या त्या प्रेमापायी कण्हणारे रुग्णही.

तसंच अमुक अवयवाला अमुक राग, अमुक इतक्या हर्ट्झचा सूर पेशी दुरुस्त करतो, असल्या याद्या फोनवर फिरत असतात. सोडून द्या. ४३२ असो की ५२८, तुमच्या आईंना तो आकडा कळत नाही. त्या सुराशेजारी कोण बसलंय, ते बहुधा कळत असावं.

आई अजून अधूनमधून जाग्या असतात असं तुम्ही लिहिलंय. मग एक काम उद्यावर टाकू नका. त्यांनाच विचारा: “काय ऐकावंसं वाटतं? काय नको?” दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. काही जण फार ठामपणे सांगतात. एका आजींनी मला बजावलं होतं, “मी गेल्यावर लावतात तसलं काही माझ्या कानावर आत्तापासून घालू नका. जिवंत आहे मी अजून.” त्यांना नाचाची गाणी हवी होती. शेवटच्या आठवड्यात आम्ही नाचाची गाणी लावली आणि पांघरुणाखाली त्यांचा अंगठा ठेका धरायचा. ‘शेवट’ म्हटलं की आपण लगेच गंभीर, उदास, पवित्र असं काहीतरी शोधायला लागतो. जाणाऱ्याला ते हवं असतंच असं नाही. आणि आईंची तयारी असेल, तर त्यांचा आवाज दोन मिनिटं रेकॉर्ड करून ठेवा. गाणं असो, नुसतं गुणगुणणं असो, अर्धवट सुटलेली ओळ असो. त्यांना विचारून, समोर फोन ठेवून. चोरून नको.

आता तुमचं ‘मला गाता येत नाही’. हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘कुणीतरी लहानपणी मला गप्प बसवलं’ एवढाच असतो. अमेरिकेत २००० साली केट मंगर यांनी सुरू केलेले थ्रेशोल्ड कॉयर नावाचे गट आहेत. त्यात साधी माणसं दोघं-चौघं मिळून मरणाऱ्या माणसाजवळ बसून गातात. गाणी छोटी, पुन्हा पुन्हा म्हणण्याजोगी, आणि आवाज अंगाईइतका हळू. तिथे कुणी तयारीचा गवई लागत नाही. तयारीचा गवई उलट कधी कधी अडचणच होतो, कारण त्याला आपलं गाणं पुरं करायचं असतं.

एका मुलाची गोष्ट आहे, मुलगा म्हणजे पन्नाशीचा माणूस. वडील शाळामास्तर. मी त्याला म्हटलं, काहीही चालेल, तुमचा आवाज असू दे. तो म्हणाला, मला एकही गाणं पाठ नाही. बराच वेळ गप्प बसला. मग वडिलांच्या मनगटावर दोन बोटं ठेवून हळूच म्हणायला लागला, “बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा…” लहानपणी रोज संध्याकाळी वडिलांनी म्हणून घेतलेले पाढे, त्याच चालीत, त्याच हेलात. बोटं मनगटावर ठेका देत होती. बे संपला, तीन झाला, चारावर आला. वडिलांचा श्वास तोवर विस्कटलेला होता, तो काही नीट झाला नाही, पण भुवयांमधली घडी सुटली. तेराच्या पाढ्याला मुलगा अडखळला, कसनुसा हसला आणि म्हणाला, “इथेच मार खायचो.” मग पुन्हा बेपासून सुरुवात केली. मी माझं वाद्य पिशवीतून काढलंच नाही त्या दिवशी.

तुमच्याकडे पाढे नसतील, दुसरं काही असेल. त्या तुम्हाला झोपवताना जे म्हणायच्या ते म्हणा. तुमच्या नेहमीच्या बोलण्यापेक्षा थोडी खालची पट्टी घ्या, वर चढू नका. शब्द विसरलात तर ‘हं’ म्हणा. हात त्यांच्या खांद्यावर किंवा तळव्याखाली ठेवा, वरून दाबून नको. रडू आलं तर आवाज फुटेल, फुटू द्या. थोडं थांबा, पुन्हा सुरू करा. दादांनाही बोलवा. गायला नव्हे, श्वास मोजायला. ‘शांत पडू दे’ म्हणणाऱ्या माणसाला नुसतं बसून बघण्याचं काम फार चांगलं जमतं, आणि कधी थांबायचं ते त्यांना तुमच्याआधी कळेल.

राहिला शेवटचा प्रश्न, त्या घटकेच्या गाण्याचा. त्या वेळी जे वाजत असेल ते तुमच्या पुढच्या आयुष्याला चिकटेल. दुकानात, गाडीत, कुणाच्या लग्नात ते अचानक लागेल आणि तुम्ही थेट या खोलीत परत याल. काहींना हे हवं असतं. काहींना नको असतं, पण तोवर उशीर झालेला असतो. एका बहिणीनं मला सात वर्षांनी सांगितलं, की घरातलं सगळ्यांचं लाडकं, सहलीला जाताना म्हणायचं गाणं आम्ही त्या रात्री लावलं आणि कायमचं घालवून बसलो. म्हणून तुमच्या घराच्या आनंदाचं जे गाणं आहे ते शक्यतो त्या रात्रीसाठी वापरू नका. शब्द नसलेलं काही असू द्या, किंवा तुमचं गुणगुणणं, किंवा काहीच नको.

आणि ती घटका ठरवून येत नाही. बरेच जण घरचे चहा घ्यायला उठल्यावर जातात. त्या वेळी काही वाजत असेल तर धावत जाऊन बंद करू नका, ते वाजून संपू द्या. नंतर खोलीत काही वेळ कुठलाच आवाज नसावा, असंच बहुतेकांना हवं असतं. तेवढ्यासाठी एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू होण्याची जी सोय फोनमध्ये असते, ती आजच बंद करून ठेवा.